महाविद्यालयीन तरुणी आणि रूपाचा न्यूनगंड

(मुर्री येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मुर्रीच्या मुली आज गोंदियाच्या कॉलेजात जातात, काही पुढे नागपूरला विद्यापीठात पोचल्या आहेत. ही साधी गोष्ट नव्हे. परंतु याच मुली आरशासमोर खचतात, हे आम्ही बँकेच्या खिडकीतून पाहतो. शिष्यवृत्तीसाठी खाते उघडायला येणाऱ्या मुलीचा फोटो स्टुडिओवाल्याने इतका उजळ केलेला असतो की, समोरची मुलगी आणि फोटोतली मुलगी जुळत नाही. फोटो परत केला की ती बिचारी ओशाळते.

याचा दोष टी.व्ही., सिनेमा व मोबाईलला देऊन आपण मोकळे होतो. त्यांचा दोष आहेच. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या जाहिरातींनी गोरेपणा म्हणजे नोकरी आणि लग्न, असे वर्षानुवर्षे शिकवले. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा नावातले 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. विक्री मात्र चालूच आहे. पण ही क्रीम घरात येण्याआधी आपलेच शब्द घरात हजर असतात. रोवणीला निघालेल्या मुलीला "काळी पडशीन, मंग कोन पसंत करन तुले?" असे आई म्हणते, मावशी म्हणते. आपला जिल्हा धानाचा. बायकांच्या हाताशिवाय इथे बांधीत रोवणी होत नाही, आणि त्याच उन्हाची आपण मुलींना लाज शिकवतो!

सडपातळ दिसावे म्हणून डबा न नेणाऱ्या मुलीही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा देहाला आणखी उपाशी ठेवायचे?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि हातापायांतले ओझ्याचे दागिने टाकायला सांगितले. काही जण यावरून नटण्या-मुरडण्याचे समर्थन करतात. ते बरोबर नाही. त्या नेसण्यावरून व दागिन्यांवरून जात ओळखली जाई, ती खूण पुसायची होती. कातडीच्या रंगावरून मुलीची किंमत ठरवणे म्हणजे पुसलेली खूण पुन्हा अंगावर काढणे होय. रंगही जन्मानेच मिळतो ना?

'शादी डॉट कॉम'सारख्या व्यापारी संस्थेने २०२० मध्ये वर्णावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर 'वर्ण' हा रकाना अजून आहे, आणि तोही 'शिक्षण'च्या वर! मुलांचे वडील तो कोरा सोडतात, त्यांना कोणी विचारत नाही. मुलीचा कोरा राहिला तर लगेच विचारणा होते. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की, यंदाचे फॉर्म छापायला देण्यापूर्वी तो रकाना काढावा, आणि त्या जागी मुलीला लग्नानंतर पुढे काय शिकायचे आहे, ते विचारावे.