तडीपारीचा कागद



कल्याणला आमच्या चाळीतली एक बाई माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी. हातात कागद. म्हणाली, "गुरुजी, पोराला तडीपार केलंय. दोन वर्षं ठाणे जिल्ह्यात पाय ठेवायचा नाही. घरात सून, दोन लेकरं. त्याच्या हमालीवर घर चालतं."

मी विचारलं, "वहिनी, आधी नोटीस आली होती का?"

"आली होती. त्यानं सही केली न् पेटीत ठेवली. वाचणार कोण?"

इथंच सारं अडलं.

मंडळी, देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पण कोणाच्या दहशतीमुळे लोक साक्ष द्यायला भीत असतील, तर १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याने त्याला हद्दपार करता येते. जास्तीत जास्त दोन वर्षे. गुंडांनी गांजलेल्यांना या कायद्याचा आधार आहे, हेही खरे.

पण कायद्याने अधिकाऱ्यांवरही बंधने घातली आहेत. आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आरोप काय, ते सांगावे लागते. आपल्याला उत्तर देता येते, साक्षीदार आणता येतात, वकील देता येतो. हुकूम झालाच, तर ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येते. तिथेही दाद लागली नाही, तर उच्च न्यायालय आहे.

न्यायालय काय पाहते? हुकमाला खरा आधार आहे का? जुनीच प्रकरणे उकरली आहेत का? पुरी दोन वर्षे कशासाठी? २०२२ साली जालना जिल्ह्यातल्या एका माणसाचा असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अशा हुकमाने माणूस घरच्यांपासून तुटतो, रोजीरोटीला मुकू शकतो. म्हणून तो फार विचाराने काढावा, असे न्यायालयाने बजावले.

तेव्हा उत्तरात घरची अडचण जरूर लिहा. पण आरोपांनाही उत्तर द्या. नुसत्या रडण्याने हुकूम सुटत नाही. घरात आजारपण, मयत झाली, तर तात्पुरते येण्याची लेखी परवानगी मागा. चोरून आलात, तर तुरुंग आहे.

वकिलाला पैसे नाहीत? ठाण्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे गरिबांना फुकट वकील मिळतो.

वहिनींच्या कागदावरची तारीख मी पाहिली. २२ दिवस गेले होते, ८ उरले होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही ठाणे गाठले. अपील मुदतीत गेले. निकाल लागेल तेव्हा लागेल.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. सरकारी कागद आला, की पेटीत टाकू नका. आधी तारीख वाचा.