कुंचल्याचा केस

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात, इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



आपला न्यास गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके देत आला आहे. या महोत्सवी वर्षी त्यात जलरंगांची पेटी आणि कुंचले यांची भर घालावी असे ठरले, आणि कुंचले कोणते घ्यावेत हे सांगण्याचे काम कार्यकारी मंडळाने माझ्याकडे सोपविले. मी शाळेत विज्ञान शिकवितो व चित्रकलेचे तासही घेतो. तेव्हा या दोन्ही विषयांच्या मधोमध बसणारे हे काम मी आनंदाने पत्करले.

इंदुरात चित्रकलेविषयी बोलणे म्हणजे मोठ्या माणसांच्या अंगणात उभे राहून बोलणे आहे. १९२७ साली देवळालीकर मास्तरांनी येथे चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म १९१० साली याच शहरात झाला आणि ते देवळालीकरांच्याच हाताखाली तयार झाले. अशा गावात मुलांच्या हाती कुंचला द्यायचा तर तो पाहून, पारखून दिला पाहिजे. 'ब्रश तो ब्रश, त्यात काय पाहायचे?' असे कोणी म्हणेल. त्यात पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. हा केस काम कसे करतो, ही पहिली. आणि हा केस आला कोठून, ही दुसरी. आजचे माझे भाषण या दोन प्रश्नांपुरतेच आहे.

प्रथम काम पाहू. कुंचल्याचे भाग तीन: लाकडी दांडा, धातूची नळी आणि केस. जलरंगाच्या कुंचल्याकडून तीन गुणांची अपेक्षा असते. त्याने पुष्कळ पाणी धरावे, ओला झाल्यावर त्याचे एकच बारीक टोक व्हावे, आणि कागदावर दाबून उचलताच तो पुन्हा सरळ व्हावा. दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप वर चढते, तसे केसांच्या जुडग्यातील बारीक फटींतून पाणी चढते व तेथे थांबते. शिवाय जनावराचा केस गुळगुळीत नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यावर कौलांसारखे एकावर एक खवले दिसतात. या खडबडीतपणामुळे पाणी धरून ठेवायला मदत होते. काही प्राण्यांचा केस मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. असे केस एकत्र बांधले म्हणजे कुंचल्याला पोट येते आणि अणीही येते. पोटात पाणी साठते, अणीने रेघ निघते.

आता केसांचे प्रकार घेऊ. जगभरचे चित्रकार ज्याला पहिला मान देतात तो 'कोलिन्स्की सेबल'. नाव सेबलचे असले, तरी केस सेबलचा नसतो. लांबट अंगाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या सैबेरियन वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचा असतो, आणि तोही थंडीत वाढलेला. वर सांगितलेले तिन्ही गुण त्यात एकत्र सापडतात, म्हणूनच त्याची किंमत शाळकरी मुलाच्या आवाक्याबाहेर असते. हा प्राणी आपल्या हिमालयातही आढळतो, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवले जावे म्हणून भारतानेच त्याचे नाव तत्संबंधीच्या करारात घातले आहे.

दुसरा केस खारीचा. तो अत्यंत मऊ असतो आणि पाणी भरपूर पितो. आकाशासारखा सपाट, ओला रंगलेप द्यायला तो फार चांगला. परंतु त्याला कणा नाही. दाबला की वाकतो आणि वाकलेलाच राहतो. तिसरा बकरीचा. तोही मऊ आणि पाणी धरणारा. चीन-जपानकडील रुंद कुंचले बहुधा याचेच असतात. चौथा बैलाच्या कानाचा. तो मजबूत आणि लवचीक असतो, पण त्याला चांगले टोक येत नाही. म्हणून तो चपट्या कुंचल्यांत वापरतात. पाचवा डुकराचा राठ केस. तो तैलरंगासाठी ठीक. जलरंगात त्याचे फारसे काम नाही.

येथे नावांची एक गंमत सांगतो. बाजारात 'कॅमल हेअर' म्हणून जो कुंचला मिळतो, त्यात उंटाचा एकही केस नसतो. त्यात खार, घोडा, बकरी किंवा बैल यांच्यापैकी जे स्वस्त मिळेल ते असते. चीनमध्ये ज्याला 'लांडग्याच्या केसाचा कुंचला' म्हणतात, तोही लांडग्याचा नसून वीझलचा असतो. तात्पर्य, दांड्यावर छापलेल्या नावावर विसंबून कुंचला घेणे म्हणजे पाटी वाचून माणसाची पारख करण्यासारखे आहे.

हे ज्ञान परदेशातूनच आले असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात वासराच्या कानाचे केस लाखेने बसवून कुंचला करण्याची रीत सांगितली आहे. पुढे केरळातील श्रीकुमाराच्या 'शिल्परत्न' ग्रंथात जाड कामाला वासराच्या कानाचे, मध्यम कामाला बकरीच्या पोटाचे आणि बारीक कामाला लहान प्राण्याच्या शेपटीचे केस अशी प्रतवारीच दिलेली आहे. मोगल आणि राजपूत चित्रकारांनी खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून कामे केली. फारसीत केसाला 'मू' म्हणतात. म्हणून या कुंचल्याला 'मूकलम' हे नाव पडले. कामाप्रमाणे केस निवडणे ही आपल्याकडील जुनीच शिस्त आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: हा केस आला कोठून? हा प्रश्न विचारला की घरोघर वेगवेगळी उत्तरे ऐकू येतात. आमच्या घरात डुकराच्या केसाचा कुंचला कोणी हाती घेणार नाही. शेजारच्या वैष्णव घरात बैलाच्या कानाचा केस चालणार नाही. जैन कुटुंबात तर यांपैकी कोणताच केस सुखाने उंबऱ्याच्या आत येणार नाही. शाळेच्या एकाच बाकावर ही तिन्ही घरची मुले शेजारी बसतात आणि एकाच पेल्यात कुंचले बुडवितात. तेव्हा न्यासाने दिलेली वस्तू अशी असावी, की जी हाती घेताना कोणाही मुलाला घरी काय म्हणतील याची धास्ती वाटू नये.

परंतु एका केसाचा प्रश्न घराघरांतील चालीरीतींच्या पलीकडचा आहे. तो म्हणजे मुंगसाचा केस. आपल्या देशात कित्येक वर्षे चांगला कुंचला म्हणजे मुंगसाचा, असे समीकरण होते. त्याला कणा असतो, टोक येते, तो टिकतो, आणि कोलिन्स्कीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. हे सर्व गुण खरे आहेत. ते नाकारून काही साधणार नाही. पण मेंढीची लोकर कातरावी तसा हा केस कातरलेला नसतो. मुंगूस पाळून त्याच्या केसांचा व्यापार कोणी करीत नाही. रानातले, शेताच्या बांधावरचे मुंगूस जाळ्यात धरून मारतात आणि मग केस काढतात. एक किलो केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसांचा जीव जातो, असा वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्यांचा हिशेब आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे आणि पुढे २००२ साली ते अधिक कडक केले. त्याची शिकार, त्याच्या केसांची वाहतूक, त्या केसांच्या कुंचल्यांची खरेदी-विक्री हे सारे गुन्हे आहेत आणि त्यांना कैदेची शिक्षा आहे. तरीही धंदा चालू राहिला. म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरात वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने देशभर एकाच वेळी छापे घातले आणि हजारो कुंचले जप्त केले.

मुंगूस हा आपला कोण, हे शेतकरी घरातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तो उंदीर खातो, सापाशी झुंजतो. पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि तिचे मुंगूस यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्याच्या तोंडाला लागलेले रक्त पाहून, विचार न करता, तिने ज्या मुंगसाला मारले, त्यानेच तिच्या बाळाला सापापासून वाचविले होते. ती गोष्ट आपण मुलांना 'अविचाराने काही करू नये' म्हणून सांगतो, आणि त्याच मुलांच्या दप्तरात मुंगसाच्या केसाचा कुंचला घालतो, ही विसंगती शोभणारी नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की दुकानातला कुंचला तर तयारच आहे. मी न घेतल्याने मेलेले मुंगूस थोडेच उठणार आहे? याला उत्तर सोपे आहे. विकला गेलेला प्रत्येक कुंचला ही पुढच्या कुंचल्याची मागणी असते. दुकानदार रिकामी झालेली फळी भरतो आणि ती भरण्यासाठी कोठे तरी जाळे लागते. दुसरा आक्षेप कारागिरांच्या पोटाचा. उत्तर प्रदेशातील शेरकोट हे गाव कुंचल्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील अनेक घरांची चूल त्यावर पेटते. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पण कारागिराची मजुरी ही केस जुळविण्याच्या, बांधण्याच्या आणि नळीत बसविण्याच्या कसबाची आहे. नायलॉनच्या कुंचल्यालाही तेच कसब लागते. आपण मागणी बदलली तर त्याचे काम जाणार नाही, फक्त कच्चा माल बदलेल.

नायलॉनचा शोध १९३५ साली लागला आणि १९३८ साली त्याचे दातांचे ब्रश बाजारात आले. चित्रकारांच्या हाती हा धागा आला तेव्हा त्यांनी नाके मुरडली, आणि ती उगीच नव्हे. तो धागा गुळगुळीत होता. पाणी धरीत नसे, भसकन कागदावर सोडून देई. त्यानंतर धाग्यांची टोके निमुळती करण्यात आली, जाड-बारीक धागे एकत्र मिसळण्यात आले, आणि कुंचल्याला पोट व अणी दोन्ही मिळाली. आजही उत्तम सेबलइतके पाणी तो धरीत नाही, आणि काही महिन्यांच्या वापराने त्याचे टोक आकड्यासारखे वळते. हे दोष सांगितले पाहिजेत. परंतु शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर तो स्वस्त आहे, दणकट आहे, त्याला कसर लागत नाही, आणि कोणाच्याही घरात त्याला मज्जाव नाही. पाणी कमी धरतो म्हणून मुलाला कुंचला दोनदा जास्त बुडवावा लागेल, एवढेच.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. प्रत्येक मुलाला तीनच कुंचले द्यावेत, आणि तिन्ही नायलॉनचे. एक २ नंबरचा गोल, बारीक कामाला. एक ८ नंबरचा गोल, सर्वसाधारण कामाला. आणि एक इंचभर रुंदीचा चपटा, आकाश व जमीन रंगविण्याला. बारा कुंचल्यांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा तीन चांगले कुंचले बरे. त्या बारांतले नऊ पेटीतच राहतात आणि उरलेल्या तिघांचे केस चित्राला चिकटतात.

खरेदीला जाणाऱ्या मंडळींनी दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागावे. नव्या कुंचल्याचे टोक खळीने चिकटविलेले असते; कोरडा कुंचला पाहून काहीच कळत नाही. पाण्यात बुडवून खळ धुऊन काढावी आणि मनगटाने एक झटका द्यावा. सगळे केस मिळून एक टोक झाले तर कुंचला चांगला. दोन फाटे फुटले तर परत ठेवावा. मग ओले टोक नखावर हलके दाबून सोडावे. ते सरळ झाले पाहिजे. नळी दांड्यावर हलते का, तेही पाहावे. केस टोकाशी गडद, मध्ये पिवळसर-पांढरा आणि बुडाशी पुन्हा गडद असा पट्ट्यांचा दिसला, तर तो मुंगसाचा असण्याचा संभव असतो. नायलॉनलाही कधी तसा रंग देतात. म्हणून स्पष्ट विचारावे, आणि पावतीवर 'नायलॉन' असे लिहून घ्यावे. लिहून द्यायला जो कां-कूं करील, त्याच्याकडून घेऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटचे काम तुमचे. कुंचला पाण्याच्या पेल्यात टोकावर उभा करून ठेवू नका. त्याची मान मोडते. रंगकाम झाल्यावर साध्या साबणाने तळहातावर हळू धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा ठेवून वाळू द्या. कुंचल्याने रंग घोटू नका. त्यासाठी जुनी काडी पुरे. आपल्या इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळकी पाने, काटक्या, टाकून दिलेल्या वस्तू यांतून चित्रे उभी करीत. साधन महाग असल्यावाचून कला होत नाही, हा समज त्यांनी आपल्या हातांनी खोडून काढला. तुमच्या हाती तर तीन उत्तम कुंचले येत आहेत.

न्यासाने विषय लहान दिला, पण विचार करायला लावणारा दिला. खरेदीच्या दिवशी पाण्याचा पेला घेऊन मी स्वतः दुकानात हजर राहीन.