खातं बंद करू नका
(सोसायटीच्या इंग्रजी संभाषण वर्गात केलेले भाषण)



वर्ग सोडणाऱ्यांना कारण विचारलं की उत्तर एकच मिळतं : "समजतं हो, पण बोलता येत नाही." अहो, समजायला लागलं हीच प्रगती आहे! आधी कान तयार होतो, जीभ मागून येते. नेमकं इथेच सोडू नका.

अडचणी खऱ्या आहेत. मराठीत 'अ', 'द' ही उपपदं नाहीत. 'पुट' आणि 'बट' यांत मधलं अक्षर तेच, उच्चार निराळा. शिवाय महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आपल्यापैकी अनेकांची त्याच्याशी गाठ पडली पाचवीत, नाहीतर आठवीत. त्यामुळे नातवंडांशी बरोबरी नको.

मी बँकवाला, म्हणून सांगतो : हे रिकरिंग खातं समजा. रोज १० मिनिटं मोठ्यानं वाचा, दोन वाक्यं बोला. एखादा हप्ता चुकला म्हणून कोणी खातं बंद करत नाही, पुढचा भरतो. चुकलात तर नातवंडं हसतील, हसू द्या. परदेशातल्या नातीशी फोनवर 'हाऊ आर यू'च्या पुढे चार वाक्यं बोलता आली, की व्याजासकट सगळं वसूल!