पहिला धडा ठाणे अंमलदारासमोर



 अध्यक्षीय भाषणात महिलांसाठीच्या विशेष कक्षांच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची सूचना आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. आदल्याच वर्षी पती व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचे कलम ४९८-अ भारतीय दंड संहितेत आले होते. पुढे राज्य शासनाने ही कल्पना उचलून धरली आणि कक्ष जिल्ह्यांत पोचले. आढावा इथेच थांबवते, कारण मला कक्षांतल्या कार्यकर्तींच्या प्रशिक्षणाबद्दल बोलायचे आहे आणि ते बरीच वर्षे मनात साचले आहे.

नव्या कार्यकर्तीला आपण समुपदेशन शिकवतो, लिंगभाव शिकवतो, कायद्यांची तोंडओळख करून देतो. हे सगळे सभागृहात. पोलिसांचा कागद वाचायला मात्र कुणी शिकवत नाही! मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार ठाणे अंमलदार मारहाण, अपमान, धमकीची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे लावून एनसीत, म्हणजे अदखलपात्र नोंदीत, घेतो. आता भारतीय न्याय संहितेत आकडे ११५(२), ३५२, ३५१ झाले, रीत तीच राहिली. बाईला वाटते, केस झाली. पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास होत नाही. तिचा वर्षानुवर्षांचा छळ मुळात ४९८-अ, म्हणजे आजच्या कलम ८५ मधला, दखलपात्र. हा फरक त्याच टेबलावर, त्याच घटकेला ओळखता आला नाही, तर आपली सहानुभूती तिच्या काय कामाची?

कक्ष ठाण्यात असावा की बाहेर, यावर सकाळच्या सत्रात बराच वाद झाला. आत बसणारी हळूहळू पोलिसांचीच होते, असे काहीजण म्हणाले. देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून झालेल्या बलात्काराची आठवणही कुणी दिली. ती आठवण मलाही आहे, आणि म्हणूनच मला आत आपले माणूस हवे आहे.

एका तालुक्याच्या ठाण्यात एक बाई पिशवीतून एनसींची चळत घेऊन आली होती. मी त्या तारखेवार टेबलावर मांडल्या आणि हवालदारांना म्हटले, "दादा, जरा मोठ्याने वाचा." तोच नवरा, तीच सासू, पैशांची तीच मागणी. वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. ते उठून पीआय साहेबांकडे गेले आणि त्या रात्री ४९८-अ खाली गुन्हा दाखल झाला. माझे कार्यालय बाहेर असते, तर मी पत्र लिहिले असते आणि ते आवक-जावकमध्ये पडून राहिले असते. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

आज मात्र कक्षांच्या मासिक बैठकीत आपल्याच लोकांना "समझोते किती झाले?" एवढेच विचारताना ऐकते, तेव्हा जीव तुटतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ठाण्याने नकार दिला तर बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते, हे किती जणींना सांगून पाठवले, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

या कामाचा अभ्यासक्रम नव्याने लिहावा लागेल. त्यासाठी एक लहान गट नेमू; तपशील पुढे ठरवता येतील. इथे बसलेल्या पोलीस अधिकाऱ्यांकडे माझे मागणे एवढेच आहे, की शिकाऊ कार्यकर्तीला पहिला महिनाभर ठाणे अंमलदाराशेजारी खुर्ची द्या, रात्रपाळीतसुद्धा.