तेलाच्या वाटा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलंय. माझ्याआधी डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले. मी जुन्या गाड्यांची इंजिनं बांधतो, म्हणून इंजिनाबद्दलच बोलतो. त्यातही एकाच गोष्टीबद्दल, जी गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आणली. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळची फियाट ११००, १९७४ पासून पद्मिनी. चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं साधंसरळ इंजिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांनी ते २०२३ पर्यंत वापरलं, यातच त्याचं कौतुक आलं.

एका गॅरेजात त्या इंजिनाचं पूर्ण काम झालं होतं. नवे पिस्टन, नवी बेअरिंग, बिलही चोख. तीनशे किलोमीटरमध्ये खालून ठकठक सुरू झाली. चेंबर उतरवलं, तर नव्या बेअरिंगवर नांगर फिरवल्यासारख्या रेघा. आणि अडचण अशी, की क्रँकला आता एकदाच ग्राइंडिंग करता येणार होतं. त्याच्या पुढच्या मापाची बेअरिंग मला बाजारात कुठे मिळत नव्हती. म्हणजे या वेळी चुकलं असतं, तर वडिलांची गाडी शोभेपुरती उरली असती.

कारण सापडलं ब्लॉकच्या आत. चेंबरमधलं तेल पंप जाळीतून ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो. तिथून ते ब्लॉकमधल्या लांब भोकात, म्हणजे मुख्य गॅलरीत येतं. गॅलरीतून आडवी भोकं निघतात मुख्य बेअरिंगकडे. तिथून क्रँकच्या पोटातल्या तिरप्या भोकांतून तेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पोचतं. एक वाट कॅमशाफ्टकडे जाते, एक वर रॉकरकडे. म्हणजे मळ्यातले पाटच म्हणा. मुख्य पाटात गाळ असेल, तर शेवटच्या वाफ्याला पाणी नाही.

ही भोकं कारखान्यात ड्रिलने पाडतात आणि उघडी टोकं बुचं मारून बंद करतात. बुचापाशी तेल वाहत नाही, म्हणून गाळ तिथेच बसतो. मी गॅलरीची बुचं काढली, तेव्हा त्यांच्यामागे राखाडी लगदा होता: जुनं जळकं तेल, आणि त्यात होनिंगच्या दगडाची भुकटी. आधीच्या कारागिराने ब्लॉक बाहेरून आरशासारखा धुतला होता, पण बुचं काढलीच नव्हती. इंजिन गरम झाल्यावर लगदा सुटला आणि थेट बेअरिंगमध्ये गेला. फिल्टर त्याच्या आधी लागतो. पुढच्या घाणीला अडवणारं कुणी नाही.

आपल्या शास्त्राच्या सरांनी दोरीला दगड बांधून गरागरा फिरवून दाखवला होता, आठवतंय? क्रँकमध्ये तेच घडतं. फिरताना तेलातले जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि कोपऱ्यात दाबून बसतात. नुसती हवा मारून ते निघत नाहीत. त्यासाठी भोकाच्या मापाचा लांब ब्रश लागतो, आणि धीर लागतो.

माझी पद्धत सांगतो. आधी सगळी बुचं काढायची, ती मोजायची आणि कुठलं कुठून निघालं ते वहीत लिहायचं. घट्ट बसलेल्या बुचाच्या भोवती ऊब द्यायची, उगाच हातोडा नाही. रॉकेलने तेलकट गाळ सुटतो. पण होनिंगची भुकटी बिडाच्या बारीक छिद्रांत अडकते, ती गरम पाणी, साबण आणि ब्रशनेच निघते. हेड अॅल्युमिनियमचं असतं, त्याला कॉस्टिक सोडा दाखवायचासुद्धा नाही; सोडा धातूच खातो. हे रसायनशास्त्रात आपण शिकलो होतो. मग प्रत्येक भोकातून हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि एका टोकाला बॅटरी धरून दुसऱ्या टोकाने पाहायचं. शेवटी स्वच्छ पांढरं फडकं तेलात बुडवून फिरवायचं. ते करडं निघालं, तर पुन्हा पहिल्यापासून. धुतल्यावर लगेच तेलाचा हात द्यायचा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. आणि बुचं बसवताना पुन्हा मोजायची. आतलं एक जरी राहिलं, तरी तेल तिथूनच परत चेंबरमध्ये पडतं आणि दाब तयार होत नाही.

या इंजिनाला मी केवळ धुण्यासाठी दोन दिवस दिले. सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवलं. तेलाचा लाल दिवा विझला, म्हणजे तेल वाटेला लागलं, हे कळल्यावरच प्लग लावले. पहिलं तेलही लवकर बदललं. शाफ्ट आणि बेअरिंगमध्ये तेलाचा थर केसापेक्षाही पातळ असतो. त्यात एक कण फार झाला.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विचारतात, "काका, धुण्याचे पैसे गिऱ्हाईक देतं का?" खरं सांगायचं, तर पटकन देत नाही. नव्या पिस्टनचा डबा दाखवता येतो; स्वच्छ भोक दाखवता येत नाही. म्हणून मी आता हेड बसवण्याआधी गिऱ्हाइकाला बोलावतो, हातात बॅटरी देतो आणि म्हणतो, "बघा आरपार." मैत्रिणीलाही तसंच बोलावलं होतं. तिने एकेका भोकातून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा असते तर तेही असंच तपासून घेत बसले असते."

मित्रांनो, गाडी बाहेर आंब्याखाली उभी आहे. अडीच हजार किलोमीटर झाले, ठकठक नाही. जेवणानंतर बॉनेट उघडून दाखवतो. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी जरूर यावं. आणि सर, पहिली फेरी तुमची.