हुकूम देणाऱ्याला जाब कोण विचारणार?

(जुन्नर-आंबेगाव परिसरातल्या कार्यकर्त्यांच्या घोडेगाव इथल्या शिबिरात केलेलं भाषण)



युद्धातले गुन्हे आणि सेनापतींची जबाबदारी हा आजचा विषय. जर्मन सेनापतींशी आपला काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. दुसऱ्या महायुद्धात पुणे, सातारा, कोकणातल्या कितीतरी घरांतला मुलगा मराठा पलटणीत होता. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर.

त्यांच्यासमोरच्या जर्मन फौजांचा सरसेनापती होता केसेलरिंग. जर्मनांविरुद्ध तिथले लोक गनिमी लढा देत होते. १७ जून १९४४ ला केसेलरिंगनं हुकूम काढला: गनिमांशी वागताना जो अधिकारी नेहमीपेक्षा जास्त कठोर होईल, त्याला मी पाठीशी घालीन. बायका-मुलांना मारा, असं त्या हुकमात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. सप्टेंबरअखेर मार्झाबोत्तोच्या डोंगराळ भागात त्याच्या हाताखालच्या फौजेनं काही दिवसांत सुमारे ७७० गावकरी मारले. त्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसंच जास्त.

१९४७ मध्ये व्हेनिसला ब्रिटिश लष्करी न्यायालयानं केसेलरिंगला गोळ्या घालून मृत्युदंड सुनावला. रोमजवळ ३३५ जणांची झालेली हत्या आणि त्याचे हे हुकूम, असे दोन आरोप त्याच्यावर होते. दोन महिन्यांत मृत्युदंडाची जन्मठेप झाली. १९५२ मध्ये तो सुटला.

आणि बायकांवरच्या अत्याचारांचं काय? बड्या नाझी पुढाऱ्यांचा खटला न्यूरेंबर्गला चालला. त्या न्यायालयाच्या सनदेत गुन्ह्यांची यादी होती, पण बलात्काराचं नाव तिच्यात नव्हतं. युद्ध म्हटलं की हे व्हायचंच, असं जणू सगळ्यांनी धरून चाललं.

हे बदललं ते बायका बोलल्या म्हणून. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९४ मध्ये तुत्सी लोकांचा वंशसंहार झाला. अकायेसु हा तिथल्या ताबा भागाचा प्रमुख. त्याच्यावरच्या पहिल्या आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. दुसऱ्याच गोष्टीची साक्ष द्यायला आलेल्या बाईनं आपल्या मुलीवर काय गुदरलं ते सांगितलं. न्यायाधीशांत नवी पिल्ले या एकट्या बाई होत्या. साक्षी पुढे आल्या, महिला संघटनांनी आवाज उठवला आणि १९९७ मध्ये आरोप वाढवला गेला. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला: हे बलात्कार वंशसंहाराचाच भाग होते. अकायेसुनं स्वतः बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. त्याच्या कचेरीच्या आवारात ते झाले, त्यानं पाहिलं आणि उत्तेजन दिलं, म्हणून तो दोषी ठरला.

आता आपल्याकडे या. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनं सुचवलं होतं की हाताखालच्या माणसांना बलात्कारापासून न रोखणारा लष्करी किंवा पोलीस अधिकारीही गुन्हेगार धरावा. त्याच वर्षीच्या कायद्यात सरकारनं हे कलम घेतलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते नाही. म्हणजे शिपायाला शिक्षा होऊ शकते, पण त्याला मोकळं सोडणारा साहेब सहसा सुटतो.

एक गोष्ट मात्र हातात आहे. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद २०१३ मध्ये झाली; आता ती संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. तेव्हा कुठल्याही बाईबरोबर चौकीत जाल, तेव्हा दोन गोष्टी लिहून ठेवा: त्या वेळी ठाण्याचा प्रमुख कोण होता, आणि त्याला हे कधी कळलं. तारीख, वेळ आणि नावासकट लिहा. ‘मला माहीतच नव्हतं’ असं म्हणायची सोय वरच्यांना ठेवू नका.