लेकीचे कॉलेज आणि बापाची धास्ती

(पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय हसण्याचा आहे. पण पुढच्या रांगेतील वडीलमंडळींनी जरा बेतानेच हसावे.

२०२० मध्ये ‘अंग्रेजी मीडियम’ हा हिंदी चित्रपट आला. इरफान खान यांच्या हयातीत प्रदर्शित झालेला हा अखेरचा. उदयपूरचा एक मिठाईवाला, त्याची आईवेगळी लेक, आणि लेकीला शिकायचे आहे लंडनला! बाप भर समारंभात नको ते बोलून तिची संधी घालवतो आणि मग तीच संधी मिळवून देण्यासाठी जिवाचे रान करतो. पाहणारे हसले. मला मात्र त्या मिठाईवाल्यात आपल्या शिरगावचे बाप दिसू लागले.

आपल्याला लंडन कशाला? पालघर पुरते. मुलगी म्हणाली, “दांडेकर कॉलेजात नाव घालते,” की अब्बांचा घास घशातच अडकतो. एस.टी. चुकली तर? प्रॅक्टिकल लांबले आणि मगरिबची अजान झाली तर? समजा, अखेर होकार मिळाला. पहिल्या दिवशी अब्बा सोबत जातात, दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहतात, तिसऱ्या दिवशी चुलतभावाला धाडतात. मुलगी वर्गात आणि सारे घराणे फाटकावर!

या काळजीत माया आहे, हे मी जाणतो. पण मुलगा लोकलने मुंबईला निघाला, तर हेच अब्बा गाडीची वेळसुद्धा विचारीत नाहीत. इल्म हासिल करणे फर्ज आहे, हे प्रत्येक जलशात आपण माना डोलावून ऐकतो. ते काय फक्त मुलग्यांसाठी सांगितले आहे?

खरी भीती रस्त्याची नसते, लोकांच्या तोंडाची असते. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्यांनी त्या काळात स्वतःच्या मुलींना शाळेत घातले. लोकांना तेव्हाही तोंडे होतीच.

“यंदा थांब, पुढच्या वर्षी बघू,” हे वाक्य तर फार घातक. त्या एका वर्षात पैगाम येतो आणि पुस्तके माळ्यावर जातात. मग चांगली हुशार मुलगी आपल्या मुलांचा अभ्यास घेताना म्हणते, “मलाही शिकायचे होते.” तिला काय उत्तर द्याल?

पैशाची अडचण असेल, तर शासनाचा २०२४ चा निर्णय नीट समजून घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. दाखले मात्र आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तहसील कचेरीत धावपळ होते.

अब्बांनी एकदा लेकीबरोबर एस.टी.ने जरूर जावे. पण वाट तिने दाखवावी, तिकीट तिने काढावे. आणि मुलींनो, तासांचे वेळापत्रक घरच्या भिंतीवर लावा. उशीर होणार असेल तर तुम्हीच आधी फोन करा, त्यांना करायला लावू नका.

निकाल लागला की अर्ज भरायला शाळेत या. अब्बांनाही आणा, त्यांच्यासाठी खुर्ची आत ठेवू, फाटकावर नको.